काळोख दाखवा

ऑपरेटरला आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते पगाराच्या कागदाबाहेर कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. चौतीस वर्षं त्याने एका थिएटरच्या केबिनमध्ये उभं राहून सिनेमे दाखवले, तेव्हा तो ऑपरेटर. थिएटर बंद पडलं, तिथे गाद्यांचं गोदाम झालं, आणि पोटासाठी तो एका कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबू लागला, तेव्हाही ऑपरेटरच. "मशीन बदललं, हुद्दा तोच राहिला," असं तो म्हणायचा आणि हसायचा. ते हसणं काही खरं नव्हतं. माणूस आतून धुमसत होता. धुमसणाऱ्या माणसाच्या हाती घरातली खरेदी देऊ नये, पण हे शहाणपण आपल्याला नंतर सुचतं.

त्याची बायको ती वहिनी. आधी थिएटरच्या डोअरकीपरने तसं म्हटलं, मग तिकीट खिडकीवाल्याने, मग सगळ्या गल्लीने. वहिनी घरी बसून एका शिंप्याच्या शर्टांना काज-बटण करायच्या. हात असा की काज बघावं आणि बोट फिरवत राहावं. त्या शिंप्याने एके दिवशी सहा शर्ट परत पाठवले. एकाही शर्टाचं बटण काजासमोर नव्हतं. शिंपी बिचारा काही बोलला नाही, नुसते घडी करून पाठवले, आणि ते जास्त लागलं.

लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची, बँकेत नोकरीला होती. तिने रजा टाकली आणि दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी थेंब घातले, भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि खुर्ची मागे सरकवली.

"डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय. नेमका मधला भाग. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, पण समोर जिथे बघाल तिथेच डाग पडेल. दोन्ही डोळ्यांना."

"चष्म्याने जाईल?" ऑपरेटरने विचारलं.

"नाही. ऑपरेशनही नाही. गोळ्या देतो, जरा दमानं जाईल इतकंच." मग डॉक्टर वहिनींकडे वळून म्हणाले, "सहा महिने धरून चाला. जास्त मिळाले तर तुमचं नशीब. जे बघायचं असेल ते आत्ता बघून घ्या."

बाहेर बसथांब्यावर लेक तोंड वळवून रडत होती. ऑपरेटर गोळ्यांची चिठ्ठी उलटी-सुलटी करत होता. वहिनीच शांत होत्या. बस येईपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं.

"अहो, मला एक सिनेमा बघायचाय."

"बघू की."

"तुमच्या शेजारी बसून. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधे न उठता."

आता हे ऐकून कुणालाही वाटेल, यात काय मोठंसं मागितलं? सिनेमा दाखवणाऱ्याची बायको, तिला सिनेमांची काय ददात! पण खरं सांगायचं तर अडतीस वर्षांच्या संसारात ह्या नवरा-बायकोने एकही सिनेमा शेवटपर्यंत शेजारी बसून पाहिलेला नव्हता. वहिनी खाली, शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीत, केबिनच्या बरोबर खाली. ऑपरेटर वर, दोन मशीनच्या मधे, हातभर भोकातून बघत. वहिनी मान वळवून वर बघायच्या तर एक उजेडाची खिडकी दिसायची. तो खाली बघायचा तर त्याला वहिनींचा भांग दिसायचा. लग्नाच्या वर्षी काळाभोर होता, मग मधे एक पांढरी रेघ आली, मग रेघ रुंद झाली. बायको म्हातारी होताना त्याने ती अशी, वरून पाहिली.

आणि तो तरी सिनेमा कुठे बघायचा? केबिनमधल्या माणसाचं लक्ष चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात. रीळ संपत आलं की तिथे एक ठिपका उमटतो, डोळा लवेपर्यंत. पहिला ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा दिसला की चित्र त्याच्यावर घ्यायचं. चुकलं तर पडदा पांढरा. वीस-वीस मिनिटांनी हे असं, चौतीस वर्षं. नायिका रडो की नायक मरो, हा आपला कोपऱ्याकडे डोळे लावून उभा.

पब्लिक तर काय, दातांनी तिकीट फाडणारं. चित्र जरा मऊ पडलं, धूसर झालं, की खालून आरोळी यायची, "ए ऑपरेटर! फोकस!" त्यापुढे मग आयामाया निघायच्या. वहिनी त्या आरोळ्यांच्या मधे बसलेल्या असायच्या, पण त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. एकदा त्याने विचारलंही होतं, "तू कशी ओरडत नाहीस गं?" तर म्हणाल्या, "सगळी दुनिया ओरडतेच आहे की तुमच्यावर. त्यात माझी कशाला भर?"

एकदा, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, सुट्टी काढून तो त्यांना दुसऱ्या थिएटरात घेऊन गेला होता. दहा मिनिटं झाली असतील. तिथल्या ऑपरेटरने फोकस जरा सैल सोडला होता. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. हा उठला, "आलोच," म्हणाला, वर केबिनमध्ये गेला आणि त्या माणसाशी भांडून शेवटपर्यंत तिथेच उभा राहिला. वहिनींनी शेजारच्या खुर्चीवर त्याचा रुमाल ठेवून सिनेमा पुरा केला. खोड ती, जित्याची खोड, आणि ती कशी जाते ते आपल्याला ठाऊकच आहे.

बसथांब्यावर वहिनींनी सिनेमाही सांगितला. लग्नाच्या वर्षी पंचवीस आठवडे चाललेला तो. त्यात शेवटाला नायिका खिडकीत उभी राहते, बोलत काही नाही, नुसती बघते. तेवढाच चेहरा, पडदाभर.

"तो चेहरा मला जवळून बघायचाय. शेवटच्या रांगेतून कधी नीट कळलंच नाही, ती रागावलीय की तिने माफ केलंय. अकरा वेळा बघितला हो मी तो सिनेमा."

"मला कोपऱ्यातला ठिपका आठवतो," ऑपरेटर म्हणाला. "सातव्या रिळाचा शेवट तिथेच होता."

"म्हणूनच म्हणते, घरी एक टीव्ही आणा. ते नवे पातळ आलेत ना, एचडी की काय. मोठा आणा. कसलाही आणा, पण लवकर आणा."

लवकर हा शब्द त्याला ऐकू आला नाही. झोंबला तो कसलाही.

घरी एक जुना खोका होता, ढेरपोट्या, त्यावर वहिनी बातम्या आणि मालिका बघायच्या. ऑपरेटर त्याच्याकडे पाठ करून बसायचा. खोक्यात सिनेमा बघणं त्याला पाप वाटायचं. पण आता ठरलं होतं. बायकोचे डोळे जाणार, तर जाण्याआधी तिने शेवटचं चित्र बघायचं ते असं बघायचं, की जगात दुसरीकडे नसेल. हे त्याचं प्रेमच होतं, नाही कसं म्हणायचं? पण त्या प्रेमाला केबिनची हवा लागलेली होती.

मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात एका भिंतीवर बत्तीस टीव्ही टांगलेले. सगळ्यांवर एकच पोपट. मग एकच धबधबा. मग चिरलेली फळं, त्यावर पाण्याचे थेंब. गळ्यात टाय अडकवलेला एक पोक्त विक्रेता पुढे आला. पुढे ऑपरेटर त्याला टायवालाच म्हणू लागला.

"या काका, बसा. रंग बघा कसे आहेत!"

"पोपट कुणालाही चांगला दिसतो," ऑपरेटर म्हणाला. "काळोख दाखवा."

"काय दाखवू?"

"काळोख. रात्र. अंधारी खोली, कोळशाचं पोतं, काहीही. काळा काळाच दिसला पाहिजे, राखाडी नको. आणि आधी हे दुकानातले दिवे मालवा."

टायवाल्याने मालकाकडे बघितलं, मालकाने खांदे उडवले. दिवे मालवले. रात्रीचा एक सिनेमा लावला. ऑपरेटर एकेका टीव्हीसमोर उभा राहिला, मान तिरकी करून कोपरे बघितले, खिशातलं भिंग काढून कडा बघितल्या. "ह्याचा कोपरा पांढरट आहे. हा निळा मारतो. ह्याच्यात काळ्या कोटाची बटणं कुठे गेली?" असं करत एकतीस टीव्ही त्याने बाद केले. टायवाला तोंड वासून ऐकत राहिला. इतकी वर्षं टीव्ही विकत होता, कोटाच्या बटणांविषयी त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"काका, तुम्ही आधी काय करत होता?"

झालं! इतकी वर्षं लिफ्टच्या स्टुलावर बसलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने सांगितलं. दुकानातली चार माणसं गोळा झाली. कुणीतरी चहा मागवला. ऑपरेटर त्या दिवशी घरी आला तो ताठ चालत आला.

दुसऱ्या खेपेला त्याने बत्तिसावा टीव्ही बघितला. तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरा, पातळ काळ्या कडेचा. काळोख असा, की हात घातला तर आत जाईल. कोपरे लख्ख. पण त्याच्यात माणसं चालायला लागली आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"हा चालतोय की घसरतोय? सिनेमात माणूस असा चालत नाही. हे लग्नाचं शूटिंग वाटतंय. सेकंदाला चोवीस चित्रं असतात सिनेमाची, ह्याने मधे आपल्या पदरची घुसडलीत."

"सगळे नवे टीव्ही असेच असतात काका. चित्र गुळगुळीत दिसतं."

"गुळगुळीत डोकं असतं. हा नको."

हा नको. दोन शब्द. दुसरा आठवडा होता तो, आणि वहिनींना तेव्हा सुईत दोरा ओवता येत होता.

मग सुरू झालं दुकानं पालथी घालणं. ह्या रस्त्याचं, त्या चौकाचं, नदीपलीकडचं. लिफ्टवर त्याने दुपारनंतरची पाळी मागून घेतली, आणि सकाळी चहा घेतला की निघायचा तो दुपारी जेवायला यायचा. पिशवीत रंगीत कागद. जेवताना तोंडात एकच विषय, कोण कुठे काळा पकडतो आणि कोण कुठे माती खातो. दुकानदार त्याला ओळखू लागले. "या मास्तर," म्हणू लागले. नवं मॉडेल आलं की टायवाला स्वतः फोन करायचा, येऊन जरा नजर टाका. कुणी मोठं गिऱ्हाईक आलं तर ह्याला उभं करायचे, "मास्तर सांगतील तो घ्या." त्याच्या सांगण्यावरून सहा महिन्यांत वीस घरांत टीव्ही लागले. त्याच्या स्वतःच्या घरात तेवढा लागला नाही.

उगाच कशाला लपवायचं? त्याला ते आवडत होतं. बायकोसाठी फिरतोय असं तो स्वतःला सांगत होता, आणि ते खोटं नव्हतं. पण दुकानातले दिवे त्याच्या शब्दावर मालवले जात होते, हेही खरं होतं.

चौथ्या महिन्यात लेक घरी आली ती वादळासारखी.

"बाबा, तुम्ही टीव्ही निवडताय की जावई?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"मला आईचं कळतं. आमचा टीव्ही घेऊन जा. आज संध्याकाळी भिंतीवर लावून देते. तुमचा येईल तेव्हा आमचा परत द्या."

"तुमचा? तो राखाडी? तुझ्या आईने शेवटचा सिनेमा त्या राखाडीवर बघायचा?"

"अहो, तिला दिसतंय तोवर बघू द्या ना! तुमचं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला असं होणार आहे, सांगून ठेवते."

"कार्टे, बापाला शिकवू नकोस," ऑपरेटर म्हणाला आणि पिशवी घेऊन निघाला. वहिनी आतून म्हणाल्या, "जाऊ दे गं. ह्यांना दुसऱ्याचा फोकस कधी पटलाय?" लेकीला वाटलं आई थट्टा करतेय.

खाणाखुणा होत्या. डोळे असलेल्या माणसाला दिसल्या असत्या. वहिनी चहा ओतायच्या तर बशीत जास्त आणि कपात कमी. तो म्हणायचा, "लक्ष कुठंय?" वहिनी त्याच्याशी बोलताना त्याच्या कानापलीकडे, खांद्याच्या बाजूला बघून बोलू लागल्या. कडेने बघितलं की जरा कळायचं म्हणून. त्याला वाटलं, रुसलीय, डोळ्याला डोळा देत नाही. काज-बटणाचा डबा कपाटावर गेला. सकाळी पेपर मात्र हातात धरून बसायच्या, जुनी सवय. तो पेपर बघून ऑपरेटरला हायसं वाटायचं. अजून वाचते म्हणजे वेळ आहे, डॉक्टर काय, अंदाजाने बोलतात. पान उलटत नाही हे त्याने कधी बघितलं नाही.

पाचव्या महिन्यात एकदा त्या म्हणाल्याही, "अहो, आज तुमच्या तोंडावर धूर होता. मिशी दिसली, पण मधलं काही नाही."

"गोळी घेतलीस का? घे," तो म्हणाला. "आणि ऐक तर खरं. नदीपलीकडच्या दुकानात नवा माल उतरलाय. टायवाला म्हणाला, काळोख असा की..."

वहिनींनी गोळी घेतली. पुन्हा तो विषय काढला नाही.

सातवा महिना लागला तेव्हा टायवाल्याचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"मास्तर, जरा येता का? रागावणार नसाल तर."

ऑपरेटर गेला. तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरा, तोच पातळ काळ्या कडेचा टीव्ही चालू होता. आणि त्यात माणसं चालत होती. घसरत नव्हती, चालत होती, अगदी पडद्यावर चालायची तशी. सेकंदाला चोवीस. ऑपरेटर पुढे झाला, मान तिरकी केली, भिंग काढलं, परत खिशात ठेवलं.

"काय केलंत?"

"काही नाही हो. कंपनीचा माणूस आला होता, त्याने दाखवलं. सेटिंगमध्ये जायचं, मोशन म्हणून आहे, ते बंद करायचं. एक बटण आहे. कंपनीकडून चालूच येतं. आम्ही कधी आत जाऊन बघितलंच नव्हतं."

"सगळ्यांत असतं?"

"सगळ्यांत असतं, मास्तर."

ऑपरेटर तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. लेन्सची कडी जराशी फिरवून हजार माणसांचं चित्र साफ करणारा माणूस, त्याने सात महिन्यांत एकदा रिमोट हातात मागून घेतला नव्हता. दुकानदाराच्या मशीनला हात लावायचा नाही, ही त्यांच्या धंद्यातली रीत. ज्याची केबिन त्याचं मशीन. आयुष्यात एकदाच त्याने ती मोडली होती, आणि त्यापायी वहिनींनी रुमालाशेजारी बसून सिनेमा बघितला होता. ह्या वेळी त्याने ती पाळली.

त्याने तोच टीव्ही घेतला. घरी आणला आणि, हसावं की डोकं आपटावं, दहा दिवस पुठ्ठ्याच्या खोक्यातच ठेवला. कारण मागची भिंत पांढरी होती. पांढऱ्या भिंतीवरून उजेड परततो, काळोख पातळ होतो. भिंतीला गडद रंगाचे दोन हात दिले, ते वाळू दिले. खिडकीला जाड पडदा शिवून घेतला. वहिनी म्हणाल्या, "मी शिवला असता एके काळी," तर हा टेप घेऊन जमिनीवर वाकलेला. भिंतीपासून सात फुटांवर, बरोबर मधे, खडूने खुणा करून दोन खुर्च्या मांडल्या. आयुष्यात पहिल्यांदा दोन खुर्च्या, शेजारी शेजारी.

रविवार, दुपारी तीन. मॅटिनीची वेळ त्यानेच धरली. लेक सिनेमा लावून देऊन गेली, जाताना आईच्या गालावर हात ठेवून थोडी थांबली. ऑपरेटरने खिडकीचा पडदा ओढला. खोलीत काळोख झाला, आणि टीव्हीत त्याहून काळा. सात महिने ज्याच्यामागे धावला ते चित्र हे होतं. झाडाचं पान न् पान, बाईच्या पदराची वीण, कोटाची सगळी बटणं.

"काय गं?" तो म्हणाला. "म्हटलं नव्हतं?"

"आवाज छान आहे," वहिनी म्हणाल्या.

तो बसून राहिला. खरंच बसून राहिला, कौतुक करायला हवं. वीस मिनिटं झाली आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका उमटला. जुन्या प्रिंटवरून उतरवलेला सिनेमा, ठिपके तसेच राहिले होते. त्याचे पाय आपोआप उठले. वहिनींनी न बघता त्याचा सदरा धरून खाली ओढला. पुन्हा वीस मिनिटांनी पुन्हा तेच. दोघं हसली. वहिनी संवाद आधीच म्हणत होत्या, पुढे काय होणार ते सांगत होत्या, आणि ऑपरेटर चकित होऊन ऐकत होता. ज्या सिनेमाची रिळं त्याने शेकड्यांनी चढवली-उतरवली त्याची गोष्ट त्याला आत्ता कळत होती. त्या अडीच तासांत कुठेतरी तो सुखी होता, हे नोंदवून ठेवू या. पुढे त्याला त्याची गरज लागली.

एकच गोष्ट त्याला खुपत होती. वहिनी तिरक्या बसल्या होत्या. मान डावीकडे, डोळे नव्या रंगाच्या भिंतीवर. शेवट जवळ आला तसा त्याला राहवेना.

"अगं, समोर बघ ना. मधोमध जागा मोजून खुर्ची ठेवलीय तुझ्यासाठी, आणि तू भिंत काय बघतेस? येतोय आता तो चेहरा. नीट, सरळ बघ."

वहिनींनी मान सरळ केली. हात मांडीवर ठेवले आणि अगदी मधोमध, त्याने सांगितलं तसं, समोर बघितलं.

नायिका खिडकीत आली. टीव्हीभर तिचा चेहरा झाला. पापणी न् पापणी वेगळी.

"दिसतंय?" ऑपरेटरने विचारलं.

वहिनींनी मान वर केली आणि एवढ्याशा खोलीत, शेवटच्या रांगेतून यावी तशी, मोठ्याने आरोळी दिली.

"ए ऑपरेटर! फोकस!"

तो ताडकन उठला. विचार करून नव्हे, शरीरच उठलं. उजवा हात खांद्याच्या उंचीला गेला, जिथे चौतीस वर्षं लेन्सची कडी होती तिथे, आणि बोटं हवेत फिरली. अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे. चित्रात काही बदललं नाही. चित्र आधीच लख्ख होतं.

मग त्याचा हात थांबला. त्याने वळून बायकोकडे बघितलं, बऱ्याच महिन्यांनी समोरून. वहिनींचे डोळे उघडे होते, सरळ त्याच्यावर होते, आणि त्यात ओळख नव्हती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"समोरचं जाऊन अडीच महिने झाले. कडेचं दिसतं, तुमची नवी भिंत दिसते. चांगली रंगवलीत."

"मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं होतं. तुम्ही मला गोळी घे म्हणालात." वहिनींनी पदराने डोळे पुसले. आता त्या रडत होत्या, आणि रागाने रडत होत्या. "मी कसलाही म्हटलं होतं हो. लेकीचा होता, दुसऱ्या आठवड्यातला होता, घरातला खोकाही होता. मला नाक-डोळे दिसले असते तेवढे पुरे होते. तुम्हाला दिवे मालवून घ्यायचे होते दुकानातले. मालवून झाले?"

ऑपरेटर उभाच होता. टीव्हीतली खिडकी त्याच्या पाठीमागे होती.

"जाऊ दे," पदर सावरत वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तरी बघितलंत ना? सांगा मला. काय होतं तिच्या चेहऱ्यावर? राग होता, की माफ केलं तिने?"

तो गर्रकन वळला. टीव्हीवर एक रिकामा रस्ता होता, त्यावर नावं सरकत होती. चेहरा येऊन गेला होता, आणि ह्या खेपेलाही त्याने तो बघितला नव्हता.

त्याने घाईघाईने खुर्चीवरून रिमोट उचलला.

"थांब. मागे घेतो. ह्याच्यात मागे घेता येतं."

"किती मागे?" वहिनींनी विचारलं. "सात महिने येतं?"